पाऊण बिटाचा हिशेब: सेल्फ-क्लॉकिंग सिग्नल घरी वाचण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिप्लोमाची मुलं, रिमोट उघडून बसलेले काका आणि सोसायटीच्या गेटचं कार्ड हातात घेऊन "यात काय असतं हो?" विचारणारे शेजारी, या सगळ्यांचे प्रश्न फिरून फिरून तेच असतात. म्हणून एकदाच नीट लिहून काढतोय. मुख्य उदाहरण टीव्हीच्या रिमोटचं घेतलं आहे, कारण तो प्रत्येक घरात सापडतो आणि त्याचा वेग इतका कमी असतो की ब्रेडबोर्डवर काही लपून राहत नाही.

सेल्फ-क्लॉकिंग म्हणजे नेमकं काय?

डेटा पाठवताना पलीकडच्याला दोन गोष्टी कळाव्या लागतात: सिग्नल वर आहे की खाली, आणि तो कधी बघायचा. हा "कधी" सांगायला काही ठिकाणी वेगळी तार असते. ढोल-ताशा पथकात ताशावाला लय धरतो आणि ढोलवाले त्याच्याकडे कान लावून ठोका देतात, तसं. सेल्फ-क्लॉकिंगमध्ये ताशा नाहीच. एकटा ढोल वाजतो, पण असा वाजतो की त्याच्या ठोक्यांवरूनच लयही कळावी. त्यासाठी प्रत्येक बिटमध्ये (बिट म्हणजे एक ० किंवा १, आणि तो पाठवायला लागणारा ठरलेला वेळही) सिग्नल एकदा तरी बदललाच पाहिजे असा नियम घालतात. या बदलाला एज म्हणतात. घड्याळ असतं ते या एजमध्ये.

कॉम्प्युटरचा सिरियल पोर्टही एका तारेवर चालतो. तो का नाही यात?

कारण तिथे दोन्ही बाजूंना आपापलं घड्याळ असतं आणि ते जुळतंय असं गृहीत धरलेलं असतं. सुरुवातीची खूण देणारी स्टार्ट बिट आली की घेणारा मोजायला लागतो: एक, दोन, तीन... दहा बिटांत गाडी संपते आणि पुढच्या स्टार्ट बिटला पुन्हा शून्यापासून सुरुवात. शेवटची बिट मधोमध वाचायची तर दोन्ही घड्याळांत मिळून साधारण ५ टक्क्यांपर्यंतची चूक खपते. हेच सलग ६४ बिटांना लावून बघा. अर्धी बिट भागिले ६४ म्हणजे एका टक्क्याहूनही कमी. क्रिस्टल असेल तर ठीक, पण रेझिस्टर-कपॅसिटरवर चालणाऱ्या स्वस्त घड्याळाला ते झेपत नाही. शिवाय सलग शून्यं आली तर तार नुसती सपाट पडून राहते. त्या सपाटीत किती शून्यं गेली हे मोजायला घड्याळाशिवाय काहीच हातात नसतं.

मँचेस्टर कोड कसा वाचायचा? १ कोणता आणि ० कोणता?

मँचेस्टर ही सेल्फ-क्लॉकिंगचीच एक पद्धत. बिटच्या मधोमध सिग्नल बदलतो, आणि तो कोणत्या दिशेने बदलला यावर १ की ० ठरतं. नाव इंग्लंडमधल्या मँचेस्टर विद्यापीठावरून पडलं. १९४९ च्या सुमारास तिथल्या मार्क १ संगणकाच्या चुंबकीय ड्रमसाठी ही पद्धत वापरली गेली.

कोणती दिशा म्हणजे १, याबाबत दोन परंपरा आहेत आणि दोन्ही एकमेकींच्या बरोबर उलट. जुन्या, म्हणजे जी. ई. थॉमस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या परंपरेत वरून खाली म्हणजे १. आयट्रिपलई ८०२.३, म्हणजे इथरनेटच्या मानकात, खालून वर म्हणजे १. यावर वाद घालण्यात अर्थ नाही, कारण तुमच्या सर्किटात मध्ये कुठेतरी एखादा ट्रान्झिस्टर सिग्नल उलटवून ठेवतोच. सगळे बिट उलटे आले तर एक इन्व्हर्टर टाकायचा आणि पुढे जायचं. यापायी दोन दोन संध्याकाळी घालवणारे लोक मी पाहिले आहेत. त्यांत मीही आहे.

बिटच्या मधोमध एज असतो हे कळलं. पण दोन बिटांच्या सीमेवरही कधी कधी एज येतो. मग खरा कोणता हे कसं ओळखायचं?

सगळ्या विषयाचं मूळ या प्रश्नात आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

सलग दोन बिटा सारख्या असतील, म्हणजे १-१ किंवा ०-०, तर सीमेवर सिग्नलला परत मूळ जागी यावं लागतं. तिथे जादा एज येतो. बिटा वेगळ्या असतील, १-० किंवा ०-१, तर सीमेवर काही होत नाही. म्हणजे दोन एजमधलं अंतर दोनच प्रकारचं: अर्धी बिट किंवा पूर्ण बिट.

आता समजा एक मधला, खरा एज तुम्हाला सापडला. पुढचा खरा एज बरोबर एका बिटने येणार. त्याआधी अर्ध्या बिटवर कदाचित एक लुडबुड्या एज येईल, कदाचित नाही. मग सोपं आहे. खरा एज सापडल्यापासून पाऊण बिट डोळे मिटून घ्या. अर्ध्यावरचा एज आला तरी दिसणार नाही. पाऊण झाल्यावर डोळे उघडले की जो पहिला एज दिसेल तो खराच.

अर्ध्याच्या आणि पूर्णच्या बरोबर मध्ये पाऊण. दोन्ही बाजूंना पाव-पाव बिटची ऐसपैस जागा. म्हणून हे काम दहा टक्के इकडेतिकडे असणाऱ्या साध्या कपॅसिटरवरही होतं. आणि डोळे उघडण्याच्या त्या क्षणी तार वर आहे की खाली हे टिपून ठेवलं, तर तुम्ही पुढच्या बिटच्या पहिल्या अर्ध्याच्या बरोबर मध्ये उभे असता. वाचायला याहून चांगली जागा नाही. एकाच टायमरने घड्याळही मिळालं आणि डेटाही.

पण तो पहिला खरा एज सापडायचा कसा?

दोन वाटा आहेत. सिग्नलची सुरुवात ठरलेली असेल तर पहिलाच एज खरा असतो. फिलिप्सच्या आरसी-५ रिमोटमध्ये तसं आहे, ते पुढे येईलच.

दुसरी वाट म्हणजे काहीच न करणं. सलग १-१-१-१ येत असेल तर दर अर्ध्या बिटला एज येतो आणि तुमचा टायमर चुकून सीमेवरचे एज पकडून बसू शकतो. बसू दे. पहिली वेगळी बिट आली की सीमेवरचा एज गायब होतो. टायमर पाऊण बिटानंतर डोळे उघडून वाट बघत राहतो आणि त्याला जो एज मिळतो तो मधलाच असतो. चूक आपोआप दुरुस्त. मात्र त्याआधी वाचलेल्या बिटा टाकून द्यायच्या.

माझ्याकडे मायक्रोकंट्रोलर नाही. नुसत्या आयसींवर रिमोट वाचता येईल?

येईल, आणि एकदा तरी असंच करून बघावं. सामान: इन्फ्रारेड रिसीव्हर टीएसओपी १७३८, एक ७४एचसी८६ (यात चार एक्स-ऑर गेट असतात), एक सीमॉस ५५५ टायमर (७५५५ किंवा टीएलसी५५५), दोन ७४एचसी१६४ (शिफ्ट रजिस्टर: क्लॉकच्या दर ठोक्याला एक बिट आत घेऊन आधीच्या एकेक घर पुढे सरकवतात), चौदा एलईडी आणि त्यांना एक-एक किलोओहमचे रेझिस्टर. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला एका फेरीत सगळं मिळतं.

रिमोट आरसी-५ चा, म्हणजे मँचेस्टरमध्ये बोलणारा हवा. जुन्या फिलिप्स टीव्हीचा असेल तर उत्तम, नाहीतर युनिव्हर्सल रिमोटला जुन्या फिलिप्सचा कोड द्या. या पद्धतीत एक बिट १.७७८ मिलिसेकंदाची, म्हणजे अर्धी ८८९ मायक्रोसेकंद. ज्या अर्ध्यात प्रकाश असतो त्यात ३६ किलोहर्ट्झने ३२ वेळा लुकलुक होते. एकूण चौदा बिटा: दोन स्टार्ट, एक टॉगल, पाच पत्त्याच्या, सहा आज्ञेच्या. बटण दाबून धरलं की सगळं दर ११४ मिलिसेकंदांनी पुन्हा येतं.

रिसीव्हरचा आउटपुट एरवी वर असतो आणि प्रकाश दिसला की खाली येतो. आरसी-५ मध्ये १ म्हणजे आधी अंधार, मग प्रकाश. त्यामुळे रिसीव्हरच्या पायावर १ हा वरून खाली असा दिसतो.

आता जोडणी. रिसीव्हरचा आउटपुट ७४एचसी८६ च्या एका गेटच्या एका पायाला थेट द्या. दुसऱ्या पायाला तोच सिग्नल १० किलोओहम आणि १ नॅनोफॅरडमधून, म्हणजे साधारण १० मायक्रोसेकंद उशिराने द्या. एक्स-ऑर गेट दोन्ही पाय वेगळे असतानाच वर जातो. त्यामुळे वर जाणारा असो की खाली येणारा, प्रत्येक एजला एक बारीक पल्स मिळतो. ५५५ ला ट्रिगर खाली जाणारा लागतो, म्हणून दुसऱ्या गेटचा एक पाय पाच व्होल्टला बांधून त्याचा इन्व्हर्टर करा आणि पल्स त्यातून न्या.

५५५ मोनोस्टेबल म्हणून, म्हणजे एका ट्रिगरला ठराविक लांबीचा एकच पल्स देईल असा जोडा: १२ किलोओहम आणि १०० नॅनोफॅरड. १.१ गुणिले १२ हजार गुणिले १०० नॅनो म्हणजे १.३२ मिलिसेकंद. पाऊण बिट येते १.३३. बाजारात सहज मिळणाऱ्या किमती इतक्या नेमक्या जुळून येतात तेव्हा मला उगाचच आनंद होतो. एकदा सुरू झालेला ५५५ त्याची वेळ संपेपर्यंत नवा ट्रिगर मानत नाही. पाऊण बिट डोळे मिटायचे हे त्याच्या स्वभावातच आहे.

५५५ चा आउटपुट तिसऱ्या गेटमधून उलटवून दोन्ही ७४एचसी१६४ च्या क्लॉक पायांना द्या. पहिल्या १६४ च्या दोन्ही डेटा पायांना थेट रिसीव्हरचा आउटपुट, आणि त्याचा शेवटचा आउटपुट दुसऱ्याच्या डेटा पायांना. दोघांचे क्लिअर पाय पाच व्होल्टला. चौथा गेट रिकामा राहतो. त्याचे इनपुट ग्राउंडला बांधा, लोंबकळत सोडू नका.

एलईडी लागले, पण हिशेब जुळत नाही. चौदा बिटांतली पहिली कुठे गेली आणि शेवटी हा जादा १ कुठून आला?

सर्किट बरोबर चाललंय याची ही खूण आहे.

पहिल्या स्टार्ट बिटचा पहिला अर्धा भाग अंधाराचा. म्हणजे तो रिसीव्हरला दिसतच नाही, कारण त्याआधीही अंधारच होता. रिसीव्हरला दिसणारा पहिला एज हा त्या बिटच्या मधोमधचा, म्हणजे खराच. तिथे ५५५ सुरू होतो आणि पाऊण बिटाने दुसरी स्टार्ट बिट वाचतो. पहिली वाचलीच जात नाही. ती नेहमी १ असते, त्यामुळे बिघडत नाही. शेवटच्या बिटच्या मधल्या एजलाही ५५५ सुरू होतो आणि पाऊण बिटाने काहीतरी वाचतो. तोवर सगळं शांत झालेलं असतं, तार वर असते, म्हणून १ पडतो.

तेव्हा पहिल्या १६४ चा पहिला एलईडी नेहमी लागलेला दिसेल. तो सोडून द्या. दुसऱ्यापासून सातव्यापर्यंत आज्ञेच्या सहा बिटा, सर्वांत लहान किमतीची आधी (१, २, ४, ८, १६, ३२). आठवा आणि दुसऱ्या आयसीचे पहिले चार मिळून पत्ता. पुढचा टॉगल, त्याच्या पुढचा दुसरी स्टार्ट बिट.

आवाज वाढवायचं बटण दाबा. टीव्हीचा पत्ता ०, आज्ञा १६. आज्ञेच्या सहा एलईडींपैकी एकच, पाचवा लागेल. आवाज कमी करा: आज्ञा १७, पाचव्याच्या जोडीला पहिलाही लागेल. बटण सोडून पुन्हा दाबा: टॉगलचा एलईडी पालटेल. धरून ठेवा: पालटणार नाही. "एक"चं बटण दोनदा दाबलं की दाबून धरलं, हे टीव्हीला कसं कळतं याचं उत्तर त्या एका एलईडीत आहे.

साधा एनई५५५ चालणार नाही का? घरात दहा पडलेत.

टायमर म्हणून चालेल, पण त्याचा आउटपुट पाच व्होल्टच्या सप्लायवर पूर्ण पाचपर्यंत जात नाही. एक-दीड व्होल्ट खालीच राहतो. एचसी जातीच्या आयसीला "वर" मानायला साडेतीन व्होल्ट लागतात. म्हणजे काठावरचा कारभार: आज चाललं, उद्या बंद. वापरायचाच असेल तर आउटपुटपासून पाच व्होल्टला एक किलोओहम जोडा. ७५५५ घेतलात तर हा उद्योग करावा लागत नाही.

त्याच ओघात: कपॅसिटर बॉक्स किंवा पॉलिएस्टर घ्या. डिस्क सिरॅमिक उन्हाळ्यात वेगळा, पावसाळ्यात वेगळा वागतो. दहा मायक्रोसेकंदांच्या उशिरासाठीच्या एक नॅनोला मात्र काहीही चालेल. तिथे एजच्या वेळी गेट थोडा थरथरला तरी पहिल्या पल्सनंतर ५५५ ऐकतच नाही.

रिसीव्हर गरम होतोय आणि आउटपुट काहीच नाही.

पाय तपासा. टीएसओपी १७३८ चे पाय समोरून डावीकडून ग्राउंड, सप्लाय, आउटपुट. १८३८ नावाने जो मिळतो त्याचे आउटपुट, ग्राउंड, सप्लाय. दिसायला जुळे भाऊ. एका दुकानात मी १७३८ मागितला, त्यांनी १८३८ दिला आणि "सेम आहे सर" म्हणाले. मी छापील अक्षरं न वाचता लावला. पाच मिनिटांनी बोट भाजलं. तेव्हापासून नवा रिसीव्हर आणला की आधी भिंगाखाली धरतो.

रिसीव्हरच्या सप्लायला १०० ओहम मालिकेत आणि त्याच्या पायांजवळच ४.७ मायक्रोफॅरड ग्राउंडला. हे टाळलं तर आयसींचा खडखडाट रिसीव्हरच्या पोटात जातो आणि कोणी बटण न दाबताही एलईडी नाचतात. इलेक्ट्रॉनिक चोक असलेली ट्यूब किंवा सीएफएल जवळ असेल तरीही असं होतं, तीही तीस-चाळीस किलोहर्ट्झच्या आसपास लुकलुकत असते. दिवा बंद करून बघा.

रिमोट ३६ किलोहर्ट्झचा, रिसीव्हर ३८ चा. चालतं?

चालतं. पल्ला थोडा कमी होतो. टेबलावरच्या प्रयोगाला फरक पडत नाही.

रिमोट मुळात काही पाठवतोय का, हे कसं बघू?

मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. जांभळट चमक दिसेल. मागच्या कॅमेऱ्याला बऱ्याचदा इन्फ्रारेड अडवणारी काच असते. तो आंधळा निघाला तर सेल्फीचा वापरा.

ऑसिलोस्कोप नाही. सिग्नल बघायचा कसा?

कॉम्प्युटरच्या साउंड कार्डने. रिसीव्हरचा आउटपुट १०० किलोओहम आणि १० किलोओहमच्या जोडीतून न्या, पाच व्होल्टचे साधारण ०.४५ होतात. १०० नॅनोफॅरडमधून लाइन-इनला द्या आणि ऑडॅसिटीत रेकॉर्ड करा. सेकंदाला ४४,१०० नमुने घेतले की अर्ध्या बिटमध्ये सुमारे ३९ नमुने येतात, मोजायला भरपूर. जुना लॅपटॉप वापरा. चुकून पाच व्होल्ट थेट गेले तर हळहळ कमी होते.

आवाज वाढवण्याच्या बटणाचं रेकॉर्डिंग काढून एजमधली अंतरं लिहून काढा. टॉगल ० असेल तर असं मिळेल: आखूड, आखूड, लांब, मग बारा आखूड, मग लांब, लांब, आणि शेवटी सहा आखूड. आखूड म्हणजे ८८९ मायक्रोसेकंद, लांब म्हणजे १७७८. पूर्ण फ्रेम ११ ० ००००० ०१०००० अशी आहे. १ चा ० किंवा ० चा १ किती वेळा होतो बघा: तीनदा. लांब अंतरंही तीनच. जिथे बिट बदलली तिथेच लांब. एवढं हाताने एकदा करून बघितलं की नंतर कोणाचं सॉफ्टवेअर लागत नाही.

आर्डुइनोवर हेच करायचं असेल तर?

रिसीव्हर दोन नंबरच्या पायाला लावा, दोन्ही एजवर इंटरप्ट घ्या आणि मागच्या खऱ्या एजपासून किती मायक्रोसेकंद झाले ते बघा. १६ मेगाहर्ट्झच्या ऊनोवर हे मोजमाप चार-चार मायक्रोसेकंदांच्या पायऱ्यांनी होतं. ८८९ पुढे ते किरकोळ. मागच्या खऱ्या एजपासून १३३३ पेक्षा कमी वेळ झाला असेल तर एजकडे दुर्लक्ष करा. जास्त असेल तर तो खरा: बिट नोंदवा, वेळ पुढे सरकवा. एजनंतर पाय खाली असेल तर १, वर असेल तर ०. पाच मिलिसेकंद शांतता आली की फ्रेम संपली.

पाऊण बिटाचंच तत्त्व, फक्त ५५५ च्या जागी एक "जर". तयार लायब्ररी आहेतच, पण ती चालली नाही की काय बघायचं हे त्या सांगत नाहीत. आर्डुइनोचं पल्सइन फंक्शन वापरू नका. ते एका पल्सची रुंदी मोजतं आणि त्यानंतरची पोकळी हातची जाते. मँचेस्टरमध्ये पोकळीतही तितकीच माहिती असते.

माझ्या रिमोटमधून नऊ मिलिसेकंदांचा एक लांबलचक पल्स आधी येतो. हे काय?

तो एनईसी पद्धतीचा आहे, मँचेस्टर नाही. ९ मिलिसेकंद प्रकाश, ४.५ अंधार, मग प्रत्येक बिटला ५६० मायक्रोसेकंदांचा ठोका आणि त्यानंतरच्या अंधाराची लांबी वेगळी: ० ला ठोक्यापासून ठोक्यापर्यंत सुमारे १.१२५ मिलिसेकंद, १ ला २.२५. हाही सेल्फ-क्लॉकिंगच, कारण प्रत्येक बिट ठोक्यानेच सुरू होते. वाचायला मँचेस्टरपेक्षाही सोपा. पण वरचं सर्किट त्याला चालणार नाही.

सोसायटीच्या गेटचं जाड पांढरं कार्ड असंच वाचता येतं का?

ते १२५ किलोहर्ट्झचं असेल आणि आत ईएम४१०० जातीची चिप असेल तर हो. कार्डात बॅटरी नसते. तुमची कॉइल १२५ किलोहर्ट्झचं क्षेत्र तयार करते, कार्ड त्यातूनच वीज घेतं आणि स्वतःच्या कॉइलवर भार कमी-जास्त करून बोलतं. तुमच्या कॉइलवरचा व्होल्टेज किंचित खाली-वर होतो. त्या हालचालीत मँचेस्टर असतो.

कॉइल ३४५ मायक्रोहेन्री असेल तर ४.७ नॅनोफॅरडने ती १२५ ला सुरात येते. आर्डुइनोचे १६ मेगाहर्ट्झ भागिले १२८ म्हणजे नेमके १२५ किलोहर्ट्झ, त्यामुळे क्षेत्र तयार करायला वेगळं काही लागत नाही. एक ट्रान्झिस्टरची जोडी मध्ये घातली की झालं. मग १एन४१४८ डायोड आणि त्यामागे १० किलोओहम, ४.७ नॅनोफॅरड: ४७ मायक्रोसेकंद. हा आकडा असाच नाही घेतला. कॅरिअरची, म्हणजे त्या १२५ किलोहर्ट्झची, एक लाट ८ मायक्रोसेकंदांची, ती पुसली गेली पाहिजे. अर्धी बिट २५६ मायक्रोसेकंदांची, ती टिकली पाहिजे. पुढे एलएम३९३ कंपॅरेटर. त्याच्या आउटपुटला पुल-अप रेझिस्टर (आउटपुटपासून सप्लायला जोडलेला) विसरू नका, दहांतले सात जण विसरतात.

एक बिट ६४ लाटांची, म्हणजे ५१२ मायक्रोसेकंद. पाऊण म्हणजे ३८४. ५५५ ला ३३ किलोओहम आणि १० नॅनोफॅरड दिले की ३६३ मिळतात, २५६ आणि ५१२ च्या मध्ये सुखरूप.

कार्ड ६४ बिटा पुन्हा पुन्हा म्हणत राहतं. सुरुवात कुठे? सलग नऊ १. त्यानंतर चार-चार बिटांच्या दहा ओळी, प्रत्येक ओळीला एक सम पॅरिटी (ओळीतल्या १ ची संख्या सम करणारी तपासणीची बिट), शेवटी चार उभ्या पॅरिटी आणि एक ०. हे नऊ १ आत दुसरीकडे कुठेच येऊ शकत नाहीत, आणि ही रचना मला फार आवडते. ०१११ ला पॅरिटी १, लगेच पुढे ११११ ला पॅरिटी ०: सगळ्यांत वाईट वेळी चार अधिक चार, आठच १ सलग येतात. नववा येऊच शकत नाही.

कार्डावर छापलेला नंबर आणि वाचलेला नंबर जुळत नाही.

समजा कार्डावर ०००८१२३४५६ आणि शेजारी १२३,६२५२८ छापलं आहे. दोन्ही एकच आहेत. १२३ गुणिले ६५,५३६ अधिक ६२,५२८ बरोबर ८१,२३,४५६. दुसऱ्या पद्धतीत शेवटच्या २४ बिटांचे आठ आणि सोळा असे तुकडे करून लिहितात.

यावरून हेही लक्षात येईल की या कार्डात गुपित काहीच नाही, नंबर कार्डावरच छापलेला असतो. स्वतःचं कार्ड वाचून बघा, दुसऱ्याचं वाचून नक्कल करू नका. आणि गेटवर असली कार्डं लावून "आता सुरक्षा कडक झाली" असं म्हणणाऱ्या कमिटीला हा परिच्छेद दाखवायला हरकत नाही.

बँकेचं टॅप करायचं कार्ड? फास्टॅग?

या सर्किटाने नाही. बँकेचं कार्ड १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतं आणि व्यवहार क्रिप्टोग्राफीने बांधलेला असतो. फास्टॅग ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातला. दोन्हींत बोलण्याची पद्धत बहुतेक करून सेल्फ-क्लॉकिंगच आहे, पण तो वेग आणि ती फ्रिक्वेन्सी ब्रेडबोर्डच्या बसची नाही.

चुंबकीय पट्टीचं कार्ड हाताने ओढतात. कोणी हळू, कोणी झटकन. मग पाऊण बिट म्हणजे किती?

चांगला प्रश्न, इथे ५५५ हात टेकतो. पट्टीवरची पद्धत थोडी वेगळी आहे: प्रत्येक बिटच्या सुरुवातीला एज असतोच, आणि बिट १ असेल तर मधोमध एक जादा. दिशेला अर्थच नाही, त्यामुळे पट्टी वाचणाऱ्या हेडच्या तारा उलट्या जोडल्या तरी चालतं. कार्डाचा वेग ओढतानाच बदलतो, म्हणून ठराविक वेळ धरता येत नाही. पट्टीच्या सुरुवातीला नुसती शून्यं असतात. त्यांवरून एका बिटचा वेळ घ्यायचा आणि पुढे प्रत्येक बिटनंतर ताज्या मापाचं पाऊण वापरायचं. हात हळू झाला की पाऊणही मोठं होतं. दुसऱ्या ट्रॅकवर इंचाला ७५ बिटा असतात, मायक्रोकंट्रोलरला ते फारसं अवघड नाही.

एवढं सगळं चांगलं असेल तर सगळीकडे मँचेस्टरच का वापरत नाहीत?

कारण जागा दुप्पट लागते. एका बिटला दोन अर्धे, म्हणजे तारेवर दुप्पट वेगाने बदल. १० मेगाबिटच्या इथरनेटने ते परवडवून घेतलं. बदल्यात एक फायदाही मिळाला: सिग्नल सारखा वेळ वर, सारखा वेळ खाली, त्यामुळे तो ट्रान्सफॉर्मरमधून सुखाने जातो. १०० मेगाबिटला मात्र साध्या तारेवर ही चैन परवडेना. तिथे चार बिटांच्या पाच करून, सपाटी फार लांबणार नाही एवढ्यापुरती काळजी घेतली जाते.

या प्रयोगाने घरचा टीव्ही बिघडेल का?

नाही. सर्किट फक्त ऐकतं, बोलत काहीच नाही. टीव्ही फिलिप्सचा असेल तर तोही ऐकत असतो, एवढं लक्षात ठेवा. मी आज्ञा १६ चा पाचवा एलईडी नीट दिसेपर्यंत बटण धरून बसलो होतो आणि आतल्या खोलीतून बायको काय ओरडतेय तेच मला ऐकू येत नव्हतं.